कडूबाई न्हायला गेलीय

कडूबाईचा जन्म तालुक्याच्या सहकार कचेरीत झाला. जन्मली तेव्हा तिचं वय बेचाळीस होतं.

तिला जन्माला घालायचा बद्रीनाथचा इरादा नव्हता. तो गेलता बायकांची एक संस्था नोंदवायला. नियमानं दहा सभासद लागत होते आणि त्यानं दहा बायका आणल्याही होत्या. सगळं कसं मापात होतं. मग टेबलामागच्या साहेबानं चष्मा पुसला आणि सांगितलं, की दहा सभासद दहा वेगवेगळ्या घरांतले पाहिजेत. छबुबाई आणि अंजना जावा निघाल्या. रेशनकार्ड एक म्हणून घर एक, आणि घर एक म्हणून बाई एक.

"आमी येगळ्या हाव, साहेब," छबुबाई म्हणाली. "दिवाळीपासून हिचं तोंड बघितलं न्हाई मी."

"आत्ता शेजारी बसलाय की."

"टमटममधी दुसरी जागाच नव्हती."

साहेबाला जेवायला जायचं होतं. "एक बाई कमी आहे. पुढच्या महिन्यात या."

 पुढच्या महिन्याच्या नादात बद्रीनाथच्या दोन संस्था आधीच गेल्या होत्या. शेळीपालनाची होती, तिच्या शेळ्या चारा नाही म्हणून बाजार बघायला गेल्या त्या परत आल्याच नाहीत. दुधाची होती, तिच्या म्हशी चारा छावणीत गेल्या आणि दूध छावणीवाल्याकडं. दोन्हींच्या पाटीवर 'सचिव – बद्रीनाथ' असं ऐटीत लिहिलेलं होतं, आणि दोन्ही पाट्या आता त्याच्या घरी होत्या. एकीवर त्याची माय पापड वाळवायची, दुसरी न्हाणीला आडोसा म्हणून लावली होती. सोयरीक बघायला कुणी आलं की गावकरी आपुलकीनं सांगत, "पोरगं गुणाचं हाय, पण त्याच्या संस्थांसारखंच अवसायनात निघालेलं हाय." एक तरी पाटी भिंतीवर टिकावी, यापलीकडं बद्रीनाथला आता आयुष्याकडून काही नको होतं.

"दहावी बाई बाहेर हाय, साहेब," तो म्हणाला.

"नाव?"

"कडूबाई." गावात कडूबाया इतक्या होत्या, की आणखी एक कुणाच्या डोळ्यांत भरली नसती.

"वय?"

"बेचाळीस."

"अंगठा आणा तिचा."

बद्रीनाथ कागद घेऊन बाहेर गेला, लिंबाच्या आड उभा राहिला आणि त्यानं स्वतःचा डावा अंगठा उठवला. अंजना तिथंच पायरीवर बसलेली होती. तिनं सगळं बघितलं.

"जी हाय ती बाहेर, जी न्हाई ती सभासद," ती म्हणाली. "लई भारी सहकार हाय तुमचा."

संस्था अत्तराची होती. पावसानं सलग दुसऱ्या साली तोंड दाखवलं नव्हतं, टँकर आठवड्यानं यायचा, आणि अशात अत्तर कावून, असं गावानं विचारून घेतलंच. पण बद्रीनाथचा हिशेब सरळ होता. ओढ्याच्या खोलीकरणात वाळ्याची मुळं ढिगानं निघाली होती. ती धुवून, कुटून तेलात घालायची आणि बरण्या उन्हात मांडायच्या. या धंद्याला पाणी लागतं ते मुळं धुण्यापुरतं, बाकी सगळं ऊन. आणि ऊन त्या साली सहकारी तत्त्वावर वाटूनही उरलं असतं.

पहिली बरणी उघडली तेव्हा ओल्या गोणपाटाचा वास आला. दुसरीला तोच गोणपाट जरा वाळला होता. बद्रीनाथ हट्टाला पेटला. त्यानं नागरमोथा घातला, चिमूटभर कापूर घातला, शेवटी सावलीत वाळवलेला लिंबाचा मोहोर घातला, आणि एके दिवशी बरणीचं झाकण काढलं तर सगळ्या बायका गप्प झाल्या. नुकत्याच सारवलेल्या, पुसलेल्या, धुतलेल्या कशाचा तरी वास होता तो. दोरीवर पहिल्यांदा झटकलेल्या लुगड्याचा. छबुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि गावात तेवढं तरी पाणी आलं म्हणून बाकीच्या तिच्याकडं कौतुकानं बघत राहिल्या.

"याचं नाव 'बद्री अत्तर'," बद्रीनाथ म्हणाला.

कुणी हो म्हणालं नाही, नाही म्हणालं नाही. तेवढ्यात कचेरीतला साहेब तपासणीला आला.

त्यानं बायका मोजल्या. अंजना सभासद नसल्यामुळं बाजूला उभी राहून मजा बघत होती. "एक कमी दिसते. कडूबाई कुठंय?"

 छबुबाईला गप्प बसणं कधी जमलं नव्हतं.

"न्हायला गेलीय," ती म्हणाली.

साहेब थबकला. आख्ख्या गावात तांब्याभर पाण्यात तोंड, हात आणि पाय या क्रमानं उरकण्याची पद्धत होती, आणि त्याच पाण्यात पुढं तुळस असायची. खुद्द साहेबाच्या क्वार्टरचा नळ गुढीपाडव्यापासून नुसता फुसफुसत होता.

"आंघोळीला? या दिवसांत?"

"दोन टायम न्हाती," छबुबाई म्हणाली. तिची थाप एकदा सुरू झाली की तिला काटकसर माहीत नव्हती. "केस बी धुती. गुडघ्याच्या खाली हायती केस."

साहेब खिडकीतून बराच वेळ लांब बघत राहिला. मग त्यानं शेऱ्यात लिहिलं, 'सभासदांत स्वच्छतेची आवड वाखाणण्याजोगी', आणि काही न विचारता निघून गेला.

गेवराईचा व्यापारी आला तेव्हाही असंच झालं. त्यानं मनगटाला बोट लावलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "वाळा हाय. वाळा तर लोक माठात टाकतात. ह्याला पैसे कोण देईल?"

"शेटजी, नुसता वाळा न्हाई," बद्रीनाथ सांगू लागला, "मी त्यात मोहोर..."

"ह्यो आमच्या कडूबाईचा वास हाय," छबुबाई मधीच म्हणाली.

"कोण कडूबाई?"

"हाय एक बाई. आसल्या दुष्काळात बी दोन टायम न्हाती. न्हाऊन बाहेर आली की आख्ख्या आळीला आसा वास सुटतो. आमी तसाच्या तसा धरलाय बाटलीत."

व्यापाऱ्यानं पुन्हा वास घेतला. या वेळी डोळे मिटून. "दिसती की हो," तो पुटपुटला, आणि सगळा माल घेऊन गेला.

नाव पडलं ते 'कडूबाई'. बाटलीवर एक पाठमोरी बाई ओले केस पिळत उभी होती. पाठमोरी कावून, तर तोंड कुणी बघितलेलं नव्हतं. खाली लिहिलं, 'आत्ताच न्हाऊन आल्यासारखं'. बद्रीनाथचं नावही होतं, पण बुडाला, जिथं काचेला फुगा होता तिथं, त्यामुळं ते 'बदनाम' असं काहीसं दिसायचं.

आणि माल उठला. उठणारच होता. लोक टँकरच्या दिवशी न्हायचे आणि उरलेले दिवस कडूबाई लावून फिरायचे. तलवाड्याच्या बाजारात, उमापूरच्या एसटीत, छावणीत शेण भरणाऱ्या माणसांत, जिथं तिथं नुकतीच आंघोळ झाल्याचा दरवळ. नाकानं चाललं तर जिल्ह्यात पूर आला होता. फक्त डोळे उघडायचे नाहीत.

बद्रीनाथनं स्वतःची समजूत काढली, की नाव तिचं असलं म्हणून काय झालं, पाटीवर सचिव मीच हाय. पण कडूबाई बाटलीत मावेना. उमापूरहून बायका टमटम भरून तिला बघायला आल्या. छबुबाईनं सांगितलं, न्हायला गेलीय. बायका म्हणाल्या, बसतो. त्या दुपारभर बसल्या, संस्थेचा चहा पिऊन गेल्या, आणि जाताना म्हणाल्या, "दुपारभर न्हाती म्हणजे बाई खरीच हाय."

दुसऱ्या खेपेला बद्रीनाथनं अंजनाच्या हातापाया पडून तिलाच कडूबाई म्हणून उभी केली. तीही तयार झाली, सभासद न्हाई तर न्हाई, निदान अत्तर तरी होऊ म्हणाली. बायकांनी तिला पुढून बघितलं, मग पाठमोरी फिरवून बाटलीशी ताडून बघितलं.

"ही न्हाई ती," त्यांनी निकाल दिला. "कडूबाई लई उजळ हाय. आन केस कुठायत हिचे?"

"मी जिती हाय, तेवढं तरी बघा!" अंजना ओरडली. पण त्यावर कुणी बाटली घेत नव्हतं.

मग टँकरवर भांडण झालं. गावाला घागरी मोजून मिळत असताना कडूबाईच्या दोन टायमाला पाणी येतं कुठून, हा प्रश्न कुणीतरी काढला, आणि सगळे टँकरवाल्या धोंडीरामवर तुटून पडले.

"आयची आन, मी बाईला बघितलं बी न्हाई!" धोंडीराम म्हणाला.

"बघितलं न्हाई, मंग पाणी काय डोळे झाकून ओततो का बे?"

संध्याकाळी धोंडीरामनं बद्रीनाथला टँकरच्या मागं गाठलं. त्याचा चेहरा उतरला होता. "भाऊ, तुमच्या ऐकण्यातली हाय ना ती? तिला म्हणावं, एकच टायम न्हा. माझ्या घरी बायको बोलंना झालीय."

बद्रीनाथ घरी आला, तर त्याची माय चंद्रभागाबाई उंबऱ्यात बसलेली. कडूबाईची सगळी कुळकथा तिला ठाऊक होती. खुद्द बद्रीनाथनंच तिला सांगितलं होतं.

"बद्र्या, शर्ट बघ कसा झालाय. जरा त्या कडूबाईचं बघून शिक."

"माय, कडूबाई न्हाई! मी केलीय ती!"

"म्हणूनच म्हणते. दुसऱ्याला एवढं निर्मळ करता येतं, मंग सोताला कावून येत न्हाई?"

त्या रात्री बद्रीनाथनं ठरवलं, की कडूबाईला मारायचं.

त्यानं संस्थेच्या पत्र्याखाली बैठक बोलावली आणि विषय मांडला. ताप यावा, दोन दिवस पडून राहावी, आणि जावी. कुणाला त्रास नाही, तिलाही नाही.

"मेली तर मागं राहिलो नऊ," विमलबाई म्हणाली. विमलबाई सुंदररावांची बायको, आणि सुंदरराव म्हणजे गावातली निम्मी जमीन आणि सगळं राजकारण. "नऊची संस्था हुती का? साहेब कुलूप लावंल."

"आन मेलेल्या बाईचा वास कोण लावून घेईल अंगाला?" छबुबाईनं विचारलं. दोघींचं एकमत झालेला हा त्या सालातला एकमेव ठराव.

कोपऱ्यात बायनाबाई पदरात तोंड घालून हुंदके देऊ लागली होती. "लई गुणाची होती हो," ती म्हणाली. "कधी कुणाच्या आध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

बद्रीनाथनं विषय मागं घेतला. कडूबाईला लिंबागणेशला लेकीकडं पाठवून बघितलं, तर लिंबागणेशची मागणी दुपटीनं वाढली. त्यानं हात टेकले.

मग अध्यक्षपदाची निवड आली. एका बाजूला छबुबाई, दुसऱ्या बाजूला विमलबाई. छबुबाईचं म्हणणं, वास माझ्या डोळ्यांतून आलेला हाय. विमलबाईचं म्हणणं, बरण्या आमच्या माळवदावर वाळतात. दोघींकडं सारखे हात, आणि बायनाबाई कुणाचं मन मोडायला नको म्हणून दोन्ही वेळा हात वर करायची. साहेबानं तीनदा मोजलं आणि तिसऱ्यांदा पाणी मागितलं. ते नव्हतं.

शेवटी सुंदररावांना बोलावणं गेलं. ते आले, बाजेवर बसले, कडक इस्त्रीच्या धोतरातून पाय सोडले. अंगाला कडूबाईचा वास येत होता. कडूबाई आहे की नाही, हे त्यांना बायकोकडून पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण ठाऊक असलेलं बोलून टाकायची खोड असती तर ते एवढी वर्षं पुढारी राहिले नसते.

"दोघीबी आपल्याच," ते म्हणाले. "भांडणात संस्था मरंल. म्या म्हणतो, कडूबाईला करा. बाईला शत्रू न्हाई, भाऊबंद न्हाई. कधी पुढं पुढं करत न्हाई. आसला उमेदवार मी आख्ख्या हयातीत बघितला न्हाई."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. छबुबाईला विमलबाई नको होती आणि विमलबाईला छबुबाई. कडूबाई बिनविरोध निवडून आली. संमतीचा अंगठा पाहिजे म्हणून बद्रीनाथ कागद घेऊन बाहेर गेला आणि आला.

खरं सांगायचं तर तो एक दिवस त्याचा आनंदात गेला. अध्यक्षाचा अंगठा म्हणजे माझा अंगठा, असं त्याच्या ध्यानात आलं. म्हणजे सचिवही मी आणि अध्यक्षही मीच. संस्थेत हाताची एक खुर्ची आणली गेली, तिला हार घातला गेला, आणि कडूबाईचा मान म्हणून तिच्यावर कुणी बसेना. बद्रीनाथ शेजारच्या स्टुलावर बसला आणि पाटीकडं बघत राहिला. वर 'अध्यक्षा – कडूबाई'. खाली 'सचिव – बद्रीनाथ'. दोन्ही आपणच.

दुसऱ्या बैठकीला सुंदरराव त्यांचा भाचा रामकिसन याला घेऊन आले. रामकिसन पांढऱ्या बुटात आला होता.

"पोरगा रिकामा हाय," सुंदरराव म्हणाले. "सचिव म्हणून ठिवा."

"सचिव मी हाय, आबा," बद्रीनाथ म्हणाला.

"तेच म्हणतो. तुला काढल्याशिवाय ह्याला कसं ठिवता येईल?"

छबुबाई उसळली. "अत्तर त्यानं केलंय! बद्रीला हात लावाल तर बघा." तिच्याकडच्या बायकांनी हात वर केले. विमलबाईकडच्यांनी विरोधात वर केले. बायनाबाईनं डोळे पुसत दोन्हीकडं वर केला.

"सारखे हात," सुंदरराव शांतपणे म्हणाले. "आता अध्यक्षांचं मत. कुठायत अध्यक्ष?"

 रामकिसनच्या बुटाचा तेवढा करकर आवाज झाला.

"न्हायला गेल्या असतील," सुंदररावांनीच उत्तर दिलं. "हरकत न्हाई. बद्री, तू कागद घिऊन जा. त्यांचा अंगठा घिऊन ये."

बद्रीनाथच्या जिवात जीव आला. तो कागद घेऊन उठलाच.

"थांब बाळा, एक सांगतो," सुंदरराव म्हणाले, अगदी लेकराला सांगावं तसं. "अध्यक्षांनी तुला ठिवायचं म्हणलं, तर रामकिसन तक्रार करंल. पोरगा जरा तापट हाय. मंग साहेब येईल, म्हणंल बाई समोर आणा, अंगठे ताडून बघू. आता अध्यक्षांनी तुला काढायचं म्हणलं, तर तक्रार कोण करंल? तू करशील का?"

बद्रीनाथनं उभ्या उभ्या सगळ्या बाजूंनी विचार करून बघितला. कडूबाई नाहीच असं सांगितलं, तर संस्था खोटी, अत्तर बंद, नऊ बायका उघड्यावर आणि तो तुरुंगात. कडूबाई आहे आणि माझ्या बाजूची आहे असं सांगितलं, तर अंगठा त्याचाच निघणार आणि तुरुंग तोच. कडूबाई आहे आणि तिला मी नको, एवढी एकच वाट त्याला घरी नेत होती. आणि तिला नको झालेला माणूस ठेवून घेण्याची सोय कोणत्याच कायद्यात नव्हती.

"मावशी," तो छबुबाईला म्हणाला, "काय करू?"

 तिनं पाटीकडं बघितलं, मग खुर्चीवरच्या हाराकडं. "कडूबाई आसं करंल वाटलं नव्हतं मला," ती म्हणाली.

तो बाहेर गेला. तिथंही एक लिंबाचं झाड होतं, आणि खाली अंजना बरण्यांची फडकी झटकत बसली होती.

"मला पण असंच काढलंतं तुमी," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. आठवतं का?"

 त्यानं अंगठा शाईत बुडवला आणि स्वतःला काढून टाकलं. शाई जरा जास्तच लागली. धुवायला पाणी नव्हतं. अंजनानं त्याच्याकडं बघून घेतलं, बरणीत फडक्याचं टोक बुडवलं आणि त्याचा अंगठा पुसून दिला. शाई गेली नाही. नुसता वास लागला.

त्या वासासकट तो पत्र्याखाली आला. सुंदररावांनी कागद वाचला, मान डोलावली आणि बद्रीनाथच्या पाठीवर हात ठेवला. "बाई कडक हाय," ते म्हणाले. "पण मनात कायबी ठिवत न्हाई."

पाटी रामकिसननं लगेच उतरवली. त्याला नवी पाहिजे होती, मोठी, फुलांची वेल काढलेली. जुनी बद्रीनाथला देऊन टाकली. पाटी बगलेत मारून तो संस्थेपासून घरापर्यंत चालत आला. वाटेत टँकरजवळ धोंडीराम उभा होता. बद्रीनाथ शेजारून गेला तसं त्यानं नाक वर केलं, हातातला पाइप टाकला आणि चारी बाजूंना बघायला लागला.

चंद्रभागाबाई उंबऱ्यातच होती. तिनंही वास घेतला, आणि पदर सावरून उठून उभी राहिली.

"कोण आलंय रं तुझ्यासंगं?"

"कुणी न्हाई, माय. मीच हाय."

ती पुन्हा खाली बसली. बगलेतली पाटी तिला दिसली. तिनं ती घेतली, उलटीपालटी केली, बोटानं वाजवून बघितली. चुलीला वाऱ्याच्या बाजूनं आडोसा पाहिजेच होता.

"काढलं का तुला?"

"हो."

"कुणी?"

बद्रीनाथनं निळा अंगठा मुठीत झाकला. "कडूबाईनं."

मायनं पाटी चुलीशी लावली, दोन पावलं मागं होऊन नीट बसली का ते बघितलं.

"मंग बरोबरच काढलं आसंल," ती म्हणाली.